मागील आसनावरून मिसिसिपी

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्या पूर्वजांनी बजावून ठेवले आहे. परंतु अमेरिकेत ऋषींची वाण असल्यामुळे तेथील लोकांनी आपली सर्व चौकसबुद्धी नद्यांच्या मुळावरच एकवटली, आणि मिसिसिपीचे मूळ हेच, छे, ते नव्हे, पलीकडचे तळे, असा वाद एकोणिसाव्या शतकाचा मोठा भाग घातल्यावर अखेर १८९१ साली मिनेसोटा राज्याच्या विधिमंडळाने त्या मुळाभोवतीच्या अरण्याचे इटास्का नावाचे राज्य-उद्यान करण्याचा ठराव अवघ्या एका मताच्या आधिक्याने संमत केला. ते एक मत त्या दिवशी पडशाने बेजार होऊन घरी निजले असते, तर उद्यान झाले नसते, माझा भाचा मला तेथे घेऊन गेला नसता, आणि माझ्या उजव्या गुडघ्याचा इतिहास निराळा झाला असता.

माझी हयात नाशिकच्या महसूल खात्यात, साहेबांच्या खुर्चीपासून दोन टेबले मागे, गेली. साहेब येत, साहेब जात; फिरतीवर जीपमध्ये पुढे साहेब बसत आणि मागे दफ्तराच्या गाठोड्यांबरोबर मी बसे. एकंदर जिल्हा मी मागल्या फडक्यातून पाहिला, आणि ज्या गोष्टी पुढून रम्य दिसतात त्यांची धूळ मागच्याच्याच नाकात जाते, हे ज्ञान मला शासनाच्या खर्चाने प्राप्त झाले. हे येथे सांगण्याचे कारण लवकरच कळेल.

मिनिॲपोलिसहून मोटारीने साडेतीन-चार तास उत्तरेकडे गेले की इटास्का येते. भाच्याचा हेतू निर्मळ होता. गोदाकाठच्या मामाला दुसऱ्या एखाद्या नदीचा उगम दाखवावा, म्हणजे त्याला घरच्यासारखे वाटेल, असे त्याला वाटले. आता उगम म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे ब्रह्मगिरी येतो, पायऱ्या येतात, माकडे येतात, खाली कुशावर्त येते आणि 'गोत्र कोणते' असे विचारणारे उपाध्ये येतात. येथे डोंगरच नाही. तळ्याच्या उत्तर टोकाला गोट्यांची एक ओळ, तिच्यावरून निसटणारे स्वच्छ पाणी, आणि पलीकडे वीसएक फूट रुंदीचा, गुडघ्याएवढ्या खोलीचा प्रवाह: हीच मिसिसिपी. लंगोटातली पोरे ती ओलांडून पलीकडे जात होती आणि रडत परत येत होती. जवळच उभ्या केलेल्या लाकडी ओंडक्यावर पिवळ्या अक्षरांत लिहिले आहे की हे स्थान समुद्रसपाटीपासून १,४७५ फुटांवर असून येथून मेक्सिकोचे आखात २,५५२ मैल आहे. आमचे नाशिकचे एस. टी. स्थानकसुद्धा याहून चांगले चारेकशे फूट उंच आहे, ही गोष्ट मी भाच्याच्या निदर्शनास आणली. येथला थेंब आखातात पोहोचण्यास सुमारे ९० दिवस लागतात असे सांगतात. तालुक्यातून निघून मंत्रालयात पोहोचणाऱ्या कागदाच्या मानाने ही गती वाखाणण्याजोगी आहे.

आणखी एक माहिती मिळाली, तिने मात्र मी खरोखर सद्गदित झालो. या जागी मुळात दलदल होती. १९३० नंतरच्या मंदीत बेकार तरुणांना काम देण्याची जी सरकारी योजना निघाली, तिच्यातील पोरांनी चिखल भरून काढला, पात्र नव्याने खणले, ते दगड मांडले आणि पाहुण्यांना शोभेल असा उगम तयार करून दिला. नदीच्या उगमाचीसुद्धा सरकारी खर्चाने दुरुस्ती होऊ शकते, ही कल्पना आमच्या खात्यात कोणाला कशी सुचली नाही याचे नवल वाटते. मी ते पाणी डोळ्यांना लावले, आणि स्नानाच्या वेळी ज्या सात नद्या आठवायच्या त्यांत हिचे नाव नसल्यामुळे गोदावरीच्या खात्यावर हिचा ओझरता उल्लेख करून बाहेर आलो.

उगमाजवळच्या माहितीकेंद्राला मेरी गिब्ज या बाईचे नाव दिलेले आहे. भाचा घड्याळ पाहत होता. पण फलक दिसला की तो शेवटपर्यंत वाचायचा हा माझा शिरस्ता. १९०३ साली उद्यानाचे आयुक्त असलेले तिचे वडील वारले आणि चोवीस वर्षांच्या या मुलीकडे तो अधिकार आला. त्या काळी लाकूडतोड कंपन्यांनी ओंडके वाहून नेण्यासाठी नदीवर बांध घातला होता, आणि त्याचे दरवाजे बंद ठेवले की तळे फुगून काठची झाडे पाण्यात उभी राहत. दरवाजे उघडा, असे फर्मावण्यास ती स्वतः बांधावर गेली. तेथे बंदूकधारी माणसांनी, दरवाजाला हात लावाल तर गोळी घालू, असा दम भरला. आणि तिने पुढे होऊन दरवाजाच्या दांड्यावर हात ठेवला. गोळी सुटली नाही. पुढे कंपनीने न्यायालयातून मनाई हुकूम आणला, आणि त्याच वर्षी बाईंची जागा दुसऱ्याला देण्यात आली. वृक्षतोड पुढे १९१९ च्या सुमारापर्यंत चालू राहिली. मी आमच्या खात्यातले कितीतरी साहेब आठवून पाहिले, तगडे, मिशाळ, दौऱ्यावर बंदूक बाळगणारे. त्या दांड्यावर हात ठेवील असा एकही आठवेना. मी तर ठेवलाच नसता. त्या फलकापुढे मी थोडा वेळ उगाच उभा राहिलो, आणि भाच्याने 'मामा, चला ना' म्हटले तेव्हा त्याच्यावर विनाकारण खेकसलो.

आता जोडसायकल. भाचा आणि भाचेसून यांनी लग्नानंतर मोठ्या हौसेने ही दोघांनी चालवायची सायकल, जिला तेथे टँडेम म्हणतात, विकत घेतली होती. परंतु पहिल्याच फेरीत कोणी किती पायडल मारले याविषयी उभयतांत जो मतभेद झाला तो न मिटल्यामुळे ती तेव्हापासून गॅरेजच्या भिंतीला टेकून उभी होती. त्या दिवशी ती मोटारीच्या टपावर कशी चढली हे मला ठाऊक नाही. "मामा, आज तुम्ही बसा मागे. मी मोटार घेऊन डग्लस लॉजवर थांबते," असे भाचेसून इतक्या उदारपणे म्हणाली की मला नाही म्हणवेना. डग्लस लॉज ही १९०५ साली ओंडक्यांनी बांधलेली विश्रांतिका तळ्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि तिकडे जाणारा अरण्यातला रस्ता दहा मैलांचा असून एकदिशा आहे. म्हणजे त्यावर प्रवेश केला की परतीची तरतूद नाही.

जोडसायकलीची घटना वाचकाने समजून घेतली पाहिजे. हँडल, ब्रेक, गियर, घंटा आणि देखावा ही खाती पुढल्या आसनाकडे असतात. मागल्याकडे पायडल आणि पुढल्याची पाठ. त्या रस्त्याच्या दुतर्फा दोन-दोनशे वर्षांचे तांबडे आणि पांढरे पाइन वृक्ष आहेत, मध्ये तळी आहेत, कमळाची पाने आहेत, असे भाचा पुढून सांगत होता. मी जे पाहिले ते त्याच्या सदऱ्यावरील एका विश्वविद्यालयाचे नाव आणि त्याभोवती हळूहळू विस्तारत जाणारा घामाचा नकाशा.

दोनएक मैलांवर काहीतरी कडाडले आणि डाव्या बाजूची चेन रस्त्यावर पडली. भाचा अभियंता आहे. त्याने ती उचलली, तुटलेली कडी न्याहाळली आणि शास्त्रीय शांततेने निवेदन केले की ही चेन पुढल्या पायडलांची शक्ती मागे आणण्याचे काम करते. चाकाला फिरवणारी चेन मागल्या पायडलांची असते, आणि ती सुरक्षित आहे.

"म्हणजे?"

"म्हणजे मामा, आता सायकल फक्त तुम्ही चालवू शकता. मी नुसता बसू शकतो."

सेवानिवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी, हजारो कोसांवर, माझ्या नोकरीचे संपूर्ण स्वरूप कोणीतरी एका वाक्यात माझ्यापुढे ठेवले होते. मी काही बोललो नाही. पुढे साहेब हँडल धरून बसलेला, त्याचे पाय अधांतरी. मागे मी दोघांचे ओझे ओढतो आहे. आणि समोरून "मामा, छान चाललंय, थोडा जोर लावा," असे प्रोत्साहन येते आहे, अशा थाटात आम्ही पहिल्या चढापर्यंत पोहोचलो. चढाने निकाल दिला. दोघे उतरलो आणि सायकल ढकलू लागलो.

उभे राहून चालू लागताच वनातील वसुली सुरू झाली. डासांनी चौथाई घेतली. तेथे डीअरफ्लाय नावाची एक पिवळसर डोळ्यांची माशी असते, तिने सरदेशमुखी घेतली. ही माशी मानेभोवती घिरट्या घालून मोजणी करते आणि मग लचका तोडते. दर पाच-दहा मिनिटांनी एखादी मोटार मागून येई, हळू होई, काच खाली जाई आणि अत्यंत सोज्ज्वळ चेहऱ्याचे कोणीतरी विचारी, "यू फोक्स ओके?" त्यावर माझा भाचा, ज्याच्या डोक्याची डासांनी चाळण केली होती, हसून म्हणे, "वी आर गुड!" आणि मोटार निघून जाई. आपल्याकडे 'नको' हा आग्रहाचा आरंभ असतो. मिनेसोटाचे लोक इतके सभ्य आहेत की ते पहिल्याच 'नको'वर विश्वास ठेवतात. मला त्या भाच्याचा असा काही संताप आला की त्याच्या आईची, म्हणजे आमच्या आक्काची, आठवण काढून मी तो गिळला.

वाहन असून पायी चालण्याचा हा प्रकार त्या मुलखात नवा नाही, हे तेवढ्यात आठवले. १८२३ साली बेल्त्रामी नावाचा एक इटालियन गृहस्थ, पूर्वाश्रमीचा न्यायाधीश, मिसिसिपीचा उगम शोधण्यास याच उत्तर भागात आला; वाटाडे सोडून गेले, नाव वल्हवता येईना, तेव्हा त्याने आपली तांबडी रेशमी छत्री नावेत उभी केली आणि स्वतः पाण्यात उतरून ती नाव दोरीने ओढत चालला. शेवटी त्याने भलतेच तळे उगम म्हणून जाहीर केले. खरे तळे नऊ वर्षांनी, १३ जुलै १८३२ रोजी, हेन्री स्कूलक्राफ्टला 'सापडले'. म्हणजे ओझाविंडिब नावाच्या ओजिब्वे पुढाऱ्याने, ज्याच्या लोकांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्याला तेथे नेऊन उभे केले. स्कूलक्राफ्ट काही तास थांबला, तळ्यातील बेटावर निशाण लावले आणि परत फिरला. बेटाला नाव त्याचे आहे. टिपण कोणी तयार केले आणि सही कोणाची, हे पाहण्याची मला सवयच आहे.

या चिंतनातूनच मला तोड सुचली. मागले पायडल चालते, तर मागे भाच्याने बसावे. हँडल मी घेतो. अभियांत्रिकी शास्त्रात या योजनेला उत्तर नव्हते. आम्ही आसने बदलली, आणि आयुष्यात प्रथमच माझ्या हाती ब्रेक आला.

अधिकाराची चव विलक्षण असते. रस्ता मला दिसत होता, झाडे दिसत होती, त्यांचे तांबूस बुंधे सरळ आकाशात गेलेले दिसत होते, आणि प्रत्येक फलकापाशी मी ब्रेक लावत होतो. एका फलकावर, सुमारे ८,००० वर्षांपूर्वी येथे शिकारी दबा धरून बसत आणि पाण्यावर आलेले गवे मारीत, असे होते. ते मी सावकाश वाचले. मागून "मामा, ब्रेक सोडा, लय जाते," असा अर्ज आला. तो मी दाखल करून घेतला आणि पुढील फलकापाशी पुन्हा ब्रेक लावला. मग माझ्या ध्यानात आले की बराच वेळ मला माशी चावलेली नाही. मान वळवून पाहिले, तर भाचा घामाने निथळत पायडल मारीत होता, आणि एका हाताने आपला रुमाल माझ्या मानेवर एकसारखा हलवत होता. गंगापूर रोडने याला दांडीवर बसवून शाळेत नेताना हाच मुलगा घंटी माझी आहे म्हणून भांडत असे. पुढच्या दोन फलकांना मी थांबलो नाही.

उतार लागला तेव्हा रुमालाची हद्द ओलांडून एक माशी थेट माझ्या डाव्या पापणीवर बसली. त्यानंतरच्या घटनेचा पंचनामा थोडक्यात असा: सायकल नेच्याच्या झुडपांत, भाचा सायकलवर, मी भाच्याखाली, आणि गुडघा दगडावर. इतक्यात एक पिकअप थांबली. पांढऱ्या केसांच्या एका आजीबाईंनी मान बाहेर काढून विचारले, "यू फोक्स ओके?" भाच्याने तोंड उघडले, पण त्याच्या आधी मी झुडपातून, खात्यात कधी काढला नव्हता असा आवाज काढून म्हणालो, "नो, मॅडम. वी आर नॉट ओके!"

बाई इतक्या प्रसन्न झाल्या की जणू हे उत्तर ऐकण्यासाठीच त्या तो रस्ता फिरत असाव्यात. सायकल मागे टाकली गेली. मला पुढे, त्यांच्या शेजारी बसवण्यात आले. मागील आसनावर भाचा आणि त्यांचा ओला कुत्रा बसले.

डग्लस लॉजच्या व्हरांड्यात भाचेसून कॉफी पीत बसली होती. तिने आमच्याकडे पाहिले, तुटक्या चेनकडे पाहिले आणि एकच प्रश्न केला, "कोणी जास्त पायडल मारले?"

"मी," भाचा आणि मी एकदमच म्हणालो.

वाचकांपैकी कोणी तिकडे गेलेच, तर उगमाच्या गोट्यांवरून मिसिसिपी जरूर ओलांडावी आणि मेरी गिब्जचा फलक पुरता वाचावा. मोटारीला परवाना काढावा लागतो. सायकलीला परवाना लागत नाही. जोडसायकलीला मात्र तो असावा, आणि मागील आसनाच्या लेखी संमतीवाचून दिला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.