दार उघडायला उशीर

पाच मिनिटं माणसाला घाबरवायचं तर किती कागद लागतात, याची मला कल्पना नव्हती. आमच्या लहानपणी हे काम थोरला भाऊ जिन्याखाली नुसता उभा राहून, बिनकागदी करायचा. आता त्याला अभ्यासक्रम आहे. भाची माध्यमशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, शिक्षणासाठी आमच्याकडे राहते, आणि वर्षअखेर तिच्या गटाला पाच मिनिटांचा थ्रिलर करून द्यायचा आहे. त्याच्या आधी द्यायची ती ‘संशोधन व नियोजन’ नावाची फाइल. गुणांची विभागणी पाहिली तर फाइलचं पारडं चित्रपटापेक्षा जड. म्हणजे प्रेक्षक घाबरला नाही तरी चालेल. तो का घाबरायला हवा होता हे स्वच्छ अक्षरात लिहिलेलं असलं की झालं.

संशोधनाचा पहिला टप्पा सोफ्यावर लोळून पार पडला. मी नाक मुरडणार होतो, पण हळूहळू मीही चहा घेऊन शेजारी बसू लागलो. श्रीराम राघवनचा ‘अंधाधुन’ (2018) तर बराचसा पुण्यातच चित्रित झालेला, त्यामुळे अर्धं लक्ष गोष्टीकडे आणि अर्धं ‘हा रस्ता कुठला’ याच्याकडे. त्या चित्रपटाचं बीज 2010 सालच्या एका फ्रेंच लघुपटात आहे, आंधळेपणाचं सोंग घेणाऱ्या पियानो जुळवणाऱ्याच्या गोष्टीत. आणि तो लघुपट पाव तासाच्या आतला आहे, हे कळल्यावर मुलांना फार धीर आला. त्याच राघवनच्या ‘जॉनी गद्दार’मधला (2007) नायक टीव्हीवर लागलेला ‘परवाना’ (1971) बघतो आणि त्यातलीच युक्ती उचलून स्वतःचा गुन्हा झाकायला निघतो. थोडक्यात, उसनवारी ही या धंद्यातली राजमान्य रीत आहे. मग मीही माझ्या पोतडीतून राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’ (1964) काढला, दोन वर्षांनी त्यावरूनच हिंदीत ‘मेरा साया’ आला हे सांगितलं आणि शेवटाकडे वळलो, तोच भाचीने कानांवर हात ठेवले.

“मामा, स्पॉइलर नको हं!”

साठ वर्षं उलटलेल्या चित्रपटाचा शेवट सांगणं हाही अपराध असतो, असं दिसतं. या पिढीला सगळं फुकट मिळतं आणि सगळं लगेच मिळतं. त्यामुळे जे अजून कळलेलं नाही त्याला ती तळहातावरच्या फोडासारखी जपते.

मुलांच्या मूळ कथेतही हाच जीव अडकला होता. बी-विंगच्या पार्किंगमध्ये प्रेत सापडतं. हुडी घातलेली एक आकृती खांबाआडून जाते. एक मुलगी शोध घेते, आणि शेवटच्या शॉटला कळतं की मेलेली मुलगी तीच आहे आणि मारणारीही तीच. मी विचारलं, “मग प्रेत सापडलं कोणाला?” चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. “तोच तर ट्विस्ट आहे,” दिग्दर्शक म्हणाला. पार्किंग आणि हुडी विलायतेहून आली होती. इंग्लंडात ए-लेव्हलच्या मुलांना माध्यम-अभ्यासात नव्या चित्रपटाची श्रेयनामावलीसकट पहिली दोन मिनिटं बनवायला सांगत, आणि त्या पोरांना थंडी, ओस पार्किंग व हुडी या तिन्ही गोष्टी आयत्या मिळत. पुण्यात एप्रिलमध्ये हुडी घालणारा माणूस खुनी वाटत नाही, आजारी वाटतो.

मग आले सिद्धान्त. सरांनी तोदोरोव, प्रॉप आणि बार्थ ही तीन नावं दिली होती. तोदोरोव बल्गेरियातून पॅरिसला गेलेला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे कथा समतोलापासून निघते, मग बिघाड होतो, बिघाड झाल्याचं कोणाच्या तरी ध्यानात येतं, दुरुस्तीचा प्रयत्न होतो आणि शेवटी नवा समतोल येतो. नवा, म्हणजे पहिल्यासारखा नव्हे. हे मला आमच्या लिफ्टमुळे ताबडतोब पटलं. लिफ्ट चालू असते, बंद पडते, दोन दिवसांनी सेक्रेटरींच्या लक्षात येतं, मेकॅनिक येतो, आणि त्यानंतर ती चालते, पण तिसऱ्या मजल्यावर थांबत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे लोक त्या नव्या समतोलात आजही जगत आहेत.

भरतमुनींनी आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम अशा नाट्याच्या पाच अवस्था कधीच सांगून ठेवल्या आहेत, असं मी सुचवून पाहिलं. “सरांच्या यादीत नाहीत ते,” भाची म्हणाली. विषय संपला.

प्रॉपने मात्र घरात खरा धुमाकूळ घातला. व्लादिमीर प्रॉपचं पुस्तक लेनिनग्राडमध्ये 1928 साली निघालं. अफानास्येवच्या संग्रहातल्या शंभर रशियन परीकथा घेऊन त्याने दाखवलं की माणसं, राक्षस, घोडे कितीही बदलले तरी कथेत घडणारी कार्यं एकूण 31, आणि ती ठरलेल्या क्रमानेच येतात. घरातलं कोणीतरी बाहेर जातं, हे पहिलं. नायकाला कसली तरी मनाई केली जाते, हे दुसरं. ती मनाई मोडली जाते, हे तिसरं. पात्रांच्या भूमिका सातच: खलनायक, दाता, साहाय्यक, राजकन्या, धाडणारा, नायक आणि तोतया नायक. प्रॉप बिचारा सांगून झालेल्या कथा उलगडून बघत होता. मुलांनी त्याची यादी वाणसामानासारखी हातात घेतली आणि सोसायटीभर फिरली.

साहाय्यक उदंड मिळाले. सी-विंगमधल्या काकूंनी पोह्यांची जबाबदारी घेतली, एका आजोबांनी 1970च्या सुमाराचा टॉर्च दिला, वॉचमन तर दाता आणि धाडणारा दोन्ही व्हायला तयार. खलनायक मात्र मिळेना. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ कसेबसे राजी झाले, तेही अटीवर: आपण असे का झालो हे चित्रपटात दाखवलं पाहिजे. कारण त्यांनी स्वतःच लिहून आणलं. त्यांना 11 वर्षं झाकलेलं पार्किंग मिळालेलं नाही. पाच मिनिटांपैकी साडेतीन त्यातच जात होती.

आणि गुप्तता? ट्विस्ट कोणाला सांगायचा नाही म्हणून चौघांनी एकमेकांना शपथ घातली होती. पण पार्किंग वापरायचं तर कमिटीला अर्ज हवा, अर्जात कथेचा सारांश हवा. सेक्रेटरी सज्जन आणि काळजीवाहू गृहस्थ. फलकावर सूचना लागली: ‘शनिवारी सायं. 4 ते 6 या वेळात बी-विंगच्या पार्किंगमध्ये विद्यार्थ्यांतर्फे खून होणार असल्याने सभासदांनी आपली वाहने हलवावीत.’ ज्येष्ठ नागरिक घाबरू नयेत म्हणून खाली आणखी एक ओळ: ‘मयत व मारेकरी एकच मुलगी असून ती आपल्याच सोसायटीतील आहे.’

भाची त्या रात्री जेवली नाही. मी तिला समजावायला गेलो ते हिचकॉक घेऊन. फ्रांस्वा त्रुफोने 1962 साली त्याच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या, त्यांचं पुढे पुस्तक झालं. त्यात टेबलाखालच्या बॉम्बचं प्रसिद्ध उदाहरण आहे. माणसं टेबलाशी बसून काहीबाही बोलताहेत आणि एकदम स्फोट झाला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. बॉम्ब आहे आणि तो कधी फुटणार हे प्रेक्षकाला आधीच सांगून ठेवलं, तर त्याच रटाळ गप्पा तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. हिचकॉकचं म्हणणं, जमेल तेव्हा प्रेक्षकाला माहिती द्यावी. आणि खरोखरच, सूचना लागल्यापासून सोसायटीत एक वेगळीच हवा होती. पोरं संध्याकाळी खांबाआडून डोकावून जात. वॉचमन भाचीला बघितलं की आदराने बाजूला होई. एरवी नाट्यगृहात मोबाइल चालू ठेवणारी माणसं शनिवारची वाट पाहू लागली होती. फलकावरच्या त्या दोन ओळींनी जे केलं ते हुडीला जमलं नसतं.

“म्हणजे आता सगळ्यांना सगळं सांगून टाकायचं?” भाचीने विचारलं. तिला पटलं नव्हतं, आणि उदाहरण परदेशी असल्यामुळे माझाही जोर थोडा कमीच पडत होता.

तिला पटलं ते स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी. शेजारचं अडीच वर्षांचं पोर आमच्याकडे वरणभात खायला येतं आणि माझी आई त्याला रोज तीच एक गोष्ट सांगते: चिऊताईचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं, भिजलेला कावळा चिऊच्या दाराशी येतो आणि हाका मारतो. चिऊ दार उघडत नाही. आधी बाळाला न्हाऊ घालायचं असतं, मग अंग पुसायचं, मग काजळ, मग तीट. दर खेपेला थाप, दर खेपेला थोडं थांब. पोराने ही गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की पुढची थाप आईच्या आधी तोच ओट्यावर मारतो. तरी डोळे मोठे, तोंड उघडं, आणि घास आत.

भाची दारात उभी राहून ऐकत होती. मग ती फाइल घेऊन ओट्यापाशीच बसली. रोलाँ बार्थने ‘एस/झेड’ (1970) या पुस्तकात बाल्झाकच्या एका कथेचे 561 तुकडे करून त्यांत पाच संकेत शोधले आहेत. त्यातला कोड्याचा संकेत थ्रिलरवाल्यांचा लाडका. कोडं घालायचं आणि उत्तर लांबवत न्यायचं: कधी चकवा, कधी अर्धंमुर्धं उत्तर, कधी नुसतंच थांबवून ठेवायचं. बार्थने ज्याला एवढा खटाटोप केला ते आई काजळाच्या डबीवर भागवत होती. लेवी-स्त्रोस यादीत नव्हता, तरी भाचीने त्याला घरात घेतलं, कारण मानवी मिथकं परस्परविरोधी जोड्यांवर उभी असतात असं सांगणाऱ्याला मेण आणि शेण याहून नेटकी जोडी कुठे मिळणार? आईने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या लोकांची पोरं जेवायची का नीट?”

पार्किंग, प्रेत, हुडी, सगळं गेलं. नवी कथा तीन ओळींत बसते. घरात एकटी मुलगी. बाहेर पाऊस. दारावर थाप. पहिल्या अर्ध्या मिनिटात प्रेक्षकाला जिन्यात उभा असलेला माणूस दिसतो आणि त्याच्या पाठीमागच्या हातात काय आहे तेही दिसतं. मुलीला यातलं काहीच माहीत नाही. उरलेला वेळ ती दार उघडायला निघते आणि काहीतरी आडवं येतं. दूध उतू जातं. आईचा फोन येतो. ओढणी सापडत नाही. तोदोरोवने हेरकथेवरच्या लेखात केलेला फरक भाचीने तांबड्या शाईत लिहिला आहे: खून आधीच होऊन गेलेला असतो आणि आपण मागे वळून त्याचा माग काढतो ती एक जात, आणि जे व्हायचंय ते अजून व्हायचंय, म्हणून आपण पुढे बघत बसतो ती दुसरी. मुलांची पहिली कथा दोन्हींच्या मध्ये लोंबकळत होती, हे तिचं तिनेच लिहिलं. मला ते वाक्य फार आवडलं. मी ते बोललो नाही. लगेच खोडून टाकते ती.

सिद्धान्त संपले आणि कामाला वेग आला. शॉट डिव्हिजन झालं. स्टोरीबोर्डात माणसांना नाकं नाहीत, पण दाराची कडी मात्र प्रत्येक चौकटीत हुबेहूब. रेकीत आमच्याच घराविषयी अशा गोष्टी कळल्या ज्या आम्हाला इतकी वर्षं राहून कळल्या नव्हत्या: ट्यूबलाइटखाली शूट करायचं तर शटर 1/50 ठेवायचं, कारण आपली वीज 50 हर्ट्झची आणि एरवी चित्र लुकलुकतं, पंखा बंद केला की फ्रीज किती घुरघुरतो ते ऐकू येतं, आणि संध्याकाळी सात ते साडेसात भीती निर्माण करणं अशक्य, कारण वरच्या, खालच्या आणि समोरच्या घरात कुकर लागलेले असतात. निवृत्त बँकवाल्यांना जिन्यातल्या माणसाची भूमिका दिली आहे. संवाद एकही नाही, तरी आतून ते पार्किंगचाच विचार करणार आहेत म्हणे. त्याने चेहऱ्यावर चांगलं काही उतरेल, असं दिग्दर्शकाला वाटतं.

अडलं ते पावसापाशी. पाऊस काढून टाका, असं मी म्हणून पाहिलं. पण मग कावळा दाराशी यायचं कारणच उरत नाही, असं चौघांचं एकमत, आणि आईचंही. एप्रिलात पाऊस म्हणजे गच्चीतून नळी लावून खिडकीवर सोडायचं पाणी. पुन्हा कमिटीला अर्ज, पुन्हा सारांश. या वेळी भाचीने स्वतःहून शेवटापर्यंत सगळं लिहून दिलं. उत्तर रविवारी आलं. खून, किंकाळी, तसेच रात्री दहापर्यंत दारावर थापा मारणे यांस कमिटीची हरकत नाही. पावसास मात्र सक्त मनाई आहे. सोसायटीत सध्या टँकर येत आहेत.

भाचीने कागद दोनदा वाचला. मग फाइल उघडून प्रॉपच्या दुसऱ्या कार्यापुढे बरोबरची खूण केली, तिसऱ्यावर पेन्सिल टेकवली आणि आईला विचारलं, “आजी, गच्चीच्या टाकीची किल्ली कोणाकडे असते गं?”