बाई, शाळेचं फाटक जरा लावून घ्या

सौ. मुख्याध्यापिका बाई,
जिल्हा परिषद शाळा, मु. पो. आमचा गाव, जि. रत्नागिरी



मी गावचाच. म्हणजे राहतो डोंबिवलीला, पण गणपती आणि शिमगा गावात, हापूसची दीडशे कलमं गावात, तेव्हा गावावर माझा हक्क तुमच्यापेक्षा जास्त आहे हे आधी ध्यानात घ्या. शाळेच्या शतकमहोत्सवात फाटकाची कमान आणि ग्रॅनाइटची पाटी आम्ही मुंबईकरांनी बसवून दिली. पाटीवर सातवं नाव माझं. परवा मोहर बघायला आलो, तर त्या पाटीखाली सुतळीनं टांगलेला एक छोटा फळा. त्यावर खडूनं लिहिलेलं, 'स्वागत छ'. मला वाटलं, 'आहे' लिहायचा पोरांनी कंटाळा केला. चौकशीअंती कळलं की ते नेपाळी आहे. बागांमधल्या गुरख्यांची मुलं तुम्ही शाळेत घेतली आहेत. एक नाही, पाच.

म्हणून हे पत्र. खुलं अशासाठी, की नुसतं पाठवलं तर तुम्ही ते पोरांना वाचनाच्या सरावाला द्याल.

नेपाळी माणूस बागेत नको असं माझं म्हणणं नाही, गैरसमज नसावा. तो नसेल तर आमचा आंबा पेटीत पडायचा नाही. दिवाळीच्या सुमारास येतो, दिवसा वानर हाकतो, रात्री चोरांवर नजर ठेवतो, फवारणीचा पाइप ओढतो आणि आंबा उतरला की जातो. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला इथे राहायला, कामधंदा करायला आडकाठी नाही, व्हिसाही लागत नाही. उत्तम करार. पण हा माणूस हात घेऊन येतो तशी बायको-मुलंही घेऊन येतो, याचा विचार आम्ही बागायतदारांनी केला नव्हता. इतकी वर्षं ती मुलं मांगराच्या आसपास असायची. फवारणी चालू असली की टाकीपाशी खेळायची, धाकटं भावंड कडेवर घेऊन. कुणाची काही तक्रार होती? एकाची नाही. आता ती सकाळी दप्तर घेऊन रस्त्यानं जाताना दिसतात. दिसली की प्रश्न पडतात, आणि प्रश्न पडणं या वयात मला झेपत नाही.

दुसरी गोष्ट नावाची. बागेतल्या गुरख्याला आम्ही 'बहादूर' म्हणतो. त्याच्या आधीच्यालाही बहादूरच म्हणायचो, सोयीचं पडतं. तुम्ही हजेरीपटावर त्याचं पूर्ण नाव लिहिलंत, आडनावासकट, आणि पालकसभेत सगळ्यांसमोर त्या नावानं हाक मारलीत, वर 'या, बसा' म्हणालात. दहा वर्षं माझ्या बागेत राबणाऱ्या माणसाचं नाव मला तुमच्याकडून कळावं? आता महिन्याचे पैसे हातावर ठेवताना माझी जीभ अडखळते.

कागदपत्रांबाबत तर तुम्ही कहरच केलात. त्या सातेक वर्षांच्या मुलीच्या नेपाळातल्या जन्मदाखल्यावर साल आहे २०७४. दोन हजार चौऱ्याहत्तर! कोणताही जबाबदार कारकून म्हणाला असता, 'बाळ, तू अजून जन्मायची आहेस, जन्मलीस की ये.' तुम्ही मात्र ते विक्रम संवत आहे म्हणून त्यातून ५७ वजा केलेत, वय काढलंत आणि तिला दुसरीत बसवलंत. तिच्या भावाकडे तर तोही कागद नव्हता. त्याच्या बापाला कागद विचारणारा माणूस दिसला की घाम फुटतो, पोलीस ठाण्यात फोटो देऊन आलेला आहे तरी. तर तुम्ही पहिल्या दिवशी कागद विचारलाच नाहीत. नाव विचारलंत आणि खिचडी वाढलीत.

यावर तुम्ही मला शिक्षण हक्क कायदा, २००९ दाखवाल, माहीत आहे. कलम १४, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम ४, वयाला साजेसा वर्ग. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली, कलमं मलाही वाचता येतात, नुसती हापूसची नव्हे. संविधानाचं २१ अ कलमही पाहिलं. तिथे सहा ते चौदा वर्षांची 'सर्व बालकं' आहेत, 'नागरिक' हा शब्दच नाही. मला वाटलं, मसुदा करणारे लिहायला विसरले. मग १९ वं कलम उघडलं, तर तिथे 'नागरिक' लिहिलेलं आहे. म्हणजे शब्द त्यांना ठाऊक होता. मुद्दाम लिहिला नाही. अशा लोकांपुढे काय बोलणार?

अमेरिकेचं उदाहरण मात्र कृपा करून देऊ नका. माझा मुलगा न्यू जर्सीत आहे. नातवाला तिथल्या सरकारी शाळेत घातलं तेव्हा घराचा करार, विजेचं बिल आणि लसींचा तक्ता मागितला. व्हिसा कुणी विचारला नाही. घरी कोणती भाषा बोलता, असा रकाना होता, त्यात सूनबाईंनी 'मराठी' लिहिलं, तर पोराला इंग्रजीसाठी वेगळ्या बाई मिळाल्या. टेक्सासमधल्या टायलर गावच्या शाळाखात्यानं कागद नसलेल्या परदेशी मुलांना वर्षाला १००० डॉलर फी लावली होती. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी शाळाखातं हरलं. एका मतानं. तिकडे ते योग्यच आहे. तिकडे आपली मुलं जातात.

माझे वडीलही, आता विषय निघालाच म्हणून सांगतो, परळला महापालिकेच्या शाळेत शिकले. आजोबा गावाहून गिरणीत लागले होते, चाळीत एका खोलीत नऊ माणसं. दाखला गावाहून यायला वर्ष लागलं, तोवर मास्तरांनी त्यांना वर्गात बसू दिलं. पण तो काळ वेगळा होता आणि आम्ही कुणी परके नव्हतो. निदान आमचं तसं मत होतं.

आता 'ळ'बद्दल. मी खिडकीतून पाहिलं. ती २०७४ वाली मुलगी देवनागरी भराभर वाचते, नेपाळीची लिपी तीच. पण नेपाळीत 'ळ' नाही, म्हणून ती 'शाला' म्हणते, 'फला' म्हणते. तुम्ही काय केलंत, तर अख्ख्या वर्गाला जीभ वर वळवून टाळूला लावायला सांगितलंत आणि अर्धा तास नुसतं 'काळी केळी, पिवळी केळी'. गावची मुलंही हसून लोळत होती. पंधरा दिवसांत तिला 'ळ' आला. माझा नातू गेल्या मे महिन्यात आला होता. तो अजून 'शाला'च म्हणतो. हे तुम्ही मुद्दाम केलंत असं माझं म्हणणं नाही, पण योगायोग शोभत नाही.

शेवटी पटाचं. तुम्ही म्हणता, शाळेचा पट अकरा आहे. आमची सहा, त्यांची पाच. पाचांपैकी आधार दोघांकडेच, आणि शिक्षकांची पदं मंजूर करताना आधार जुळलेलीच मुलं मोजली तर पट आठ. आधार नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्येच सांगितलेलं आहे. म्हणजे तिघं वर्गात आहेत, गणितं सोडवतात, खिचडी खातात, पण मोजणीत नाहीत. अशा मुलांसाठी तुम्ही चप्पल झिजवून आधार केंद्रापर्यंत जाता, एसटीचं तिकीट पदरचं काढता. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा २०२३ मध्ये १४ हजारांवर होत्या आणि त्या एकत्र करायचं घाटत असतं. आमची कमान, आमची पाटी, सगळं त्या पाच मुलांच्या दप्तरावर उभं राहावं, हे मला पटत नाही. शाळा वाचलीच पाहिजे, त्यासाठी मुंबईत आमच्या दोन सभा झाल्या. पण ती आमच्या पद्धतीनं वाचली पाहिजे.

तरी फळा काढून टाकावा आणि फाटक लावून घ्यावं, ही विनंती.

आपला,
एक गाववाला (सध्या मुक्काम डोंबिवली)

ता. क. : आपल्या सहांपैकी दोघं जूनपासून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाणार आहेत. व्हॅन ठरली आहे. त्यातला एक माझा पुतण्या.