डोकी मोजता, अंतर कोण मोजणार?

सरकारी दवाखाने आणि त्यांतली पदं लोकसंख्येच्या निकषावर ठरतात. हाताशी असलेली जनगणना 2011 ची. 2021 ची झालीच नाही, ती आता 2027 वर गेली. दरम्यान 2014 मध्ये पालघर हा नवा जिल्हा झाला, वसई-विरार फुगत गेलं. पण जुना आकडा हे यातलं लहान दुखणं. मोठं दुखणं निकषातच आहे.

मैदानी भागात 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगरी-आदिवासी भागात 3,000 लोकांमागे. सवलत दिली म्हणून पाठ थोपटून घेण्याआधी जरा हिशेब करा. 2011 च्या आकड्यांनुसार राज्यात चौरस किलोमीटरला 365 माणसं राहतात, गडचिरोलीत 74. राज्याच्या सरासरीने 5,000 माणसं 14 चौरस किलोमीटरांत सापडतात; गडचिरोलीत 3,000 माणसांसाठी आरोग्यसेविकेला 40 चौरस किलोमीटर पालथे घालावे लागतात. त्यात जंगल, नाले, पावसाळ्यात तुटणारे रस्ते. कागदावर निकष पुरा होतो आणि बाळंतीण वाटेतच अडकते.

खासगी डॉक्टर फी मिळेल तिथे पाटी लावतो. मग तो जिथे जात नाही, तिथे सरकारी पदं जास्त हवीत. जिल्हावार दरडोई उत्पन्न सरकारचंच अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढतं, आर्थिक पाहणीत छापतं. नंदुरबार, गडचिरोली तळाशी असतात, हे मंत्रालयात सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही डॉक्टर-नर्सची पदं मंजूर करताना तो तक्ता कुणी उघडत नाही.

आणि बीड! तिथे तर मोजलेली माणसंच जागेवर नसतात. दिवाळीच्या सुमारास तिथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या उन्हाळ्यात परततात. आरोग्यसेविका गावात, गरोदर बाई दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडावर, कोपीत. तिच्या तपासणीची नोंद घ्यायची कुणी? किती कोयते, म्हणजे तोडणीच्या जोड्या, येणार, हे मुकादमाने उचल दिली तेव्हाच कारखान्याला कळलेलं असतं. ती यादी आरोग्य खात्याने मागावी आणि गाळपाच्या हंगामापुरत्या आरोग्यसेविका फडाजवळ नेमाव्यात. यात अशक्य काही नाही.

रिक्त पदं तर भराच. पण पदांचा नवा आकृतिबंध करताना लोकसंख्येशेजारी क्षेत्रफळ आणि दरडोई उत्पन्नाचे रकाने घाला. त्यासाठी नव्या जनगणनेची वाट पाहायची गरज नाही. दोन्ही आकडे सरकारनेच छापलेले आहेत.