नारळ उभा राहतो

बारामती-इंदापूर पट्ट्यातला बागायतदार आता माती तपासून खत टाकतो, डाळिंबाला देठ-पान परीक्षणाचा अहवाल पाहून अन्नद्रव्यं देतो. उसाच्या फडात सेन्सर बसवून, उपग्रहाची छायाचित्रं पाहून पाण्याचं गणित मांडण्याचे प्रयोगही याच भागात झाले. म्हणजे उसाला पाणी किती द्यायचं ते उपग्रह सांगतो. ते पाणी जमिनीत कुठं आहे, हे मात्र नारळ सांगतो. शेंडी राखलेला नारळ तळहातावर आडवा ठेवून पाणाड्या रानात फिरतो, मागून अर्धी भावकी मोबाईलवर व्हिडिओ काढत चालते, आणि एका जागी नारळ उभा राहतो. पॉइंट निघाला. तिथं दगड ठेवायचा आणि बोअरच्या गाडीला फोन लावायचा.

या नारळाची गुणवत्ता थक्क करणारी आहे. पावणेतीनशे फूट खाली, काळ्या पाषाणाच्या भेगेतलं दोन इंच पाणी त्याला कळतं. पण तोच नारळ पिशवीत घालून नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरून न्या, आवर्तन चालू असलं तरी तो आडवाच पडून असतो. भिगवणला रोहित पक्षी पाहायला जाणारी मंडळी उजनीच्या फुगवट्यावर होडीतून फिरतात. जलदेवतेला वाहायला नेलेला एखादा नारळ तिथं पिशवी फाडून ताठ उभा राहिला, असं ऐकिवात नाही. खुद्द नारळाच्या पोटात पाणी असतं, त्याची तर त्याला दखलच नाही. खरं म्हणजे एवढी दिव्यदृष्टी नुसत्या बोअरवर वाया घालवणं हा अपव्यय आहे. गावोगावच्या नळयोजनांच्या फुटलेल्या जलवाहिन्या शोधायला एकेक नारळ मानधनावर नेमावा. जिरायती गावातल्या टँकरपुढं एक बांधावा, म्हणजे टँकर भरून निघाला की रिकामाच, हे वाटेतच कळेल. कालव्याच्या पाण्यानं खारपड झालेल्या रानात तो गोडं-खारं ओळखतो का, तेही एकदा पाहावं. पण यातलं कुणी काही करत नाही, कारण तिथं नारळ चुकला तर लगेच दिसेल. जमिनीखाली पाहणारं कुणी नाही, म्हणून तो फक्त जमिनीखालचं सांगतो.

‘पण पाणी लागतंच की!’ हा यावरचा पहिला आक्षेप. लागतं, कारण दख्खनच्या बेसाल्टमध्ये झिजलेल्या थरात, सांध्यांत, भेगांत थोडंफार पाणी बऱ्याच ठिकाणी असतं. ओढ्याकडेला तर डोळे मिटून बोट ठेवलं तरी शक्यता बरी. नारळाची करामत किती आणि जमिनीची किती, हे वेगळं काढायला चाचणी लागते. तशी ती जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये झाली. शेकडो पाणाड्यांतून निवडलेले ४३ जण कोठाराच्या माळ्यावर उभे केले, खालच्या मजल्यावर पाण्याची नळी जागा बदलत राहिली, ८४३ वेळा ती ओळखायला सांगितली. काहींच्या अंगी खरंच गुण असल्याचं आयोजकांनी जाहीर केलं. पुढं तेच आकडे दुसऱ्यांनी तपासले, तेव्हा उत्तम ठरलेल्यांनाही आपलं यश पुन्हा दाखवता आलेलं नव्हतं. आपल्याकडं चाचणी दूरच, साधी नोंदसुद्धा नाही. पाणी लागलेल्या बोअरवर पेढे वाटतात, तिचा व्हिडिओ पंचक्रोशीत फिरतो. कोरड्या गेलेल्या बोअरचा नुसता फुफाटा उडतो आणि तो निवायच्या आत कारण तयार असतं: गाडीवाल्यानं पॉइंट हातभर सरकवला, अजून पन्नास फूट जायला हवं होतं, घरात सुतक होतं. सगळ्यांची चूक होते, नारळाची होत नाही. चुकण्याची सोयच ज्याला ठेवलेली नाही, त्याला ज्ञान म्हणायचं कसं?

‘भूवैज्ञानिकाचाही अंदाज चुकतोच.’ चुकतो. पण तो मोजमापाचा कागद हातात देतो, शक्यता सांगतो. चूक कुठं झाली ते त्या कागदावर शोधता येतं. ‘हे पूर्वजांचं ज्ञान आहे.’ मग सहाव्या शतकातली बृहत्संहिता उघडा. तिच्यात भूजलावर अख्खा अध्याय आहे: झाडं, वारुळं, मातीचा रंग, खडक. नारळही आहे, पण जमिनीत उभा असलेला, शेजारी वारूळ असलेला! ते ठोकताळे आज सगळे टिकतील असं नाही, पण ते लिहिणाऱ्यानं आजूबाजूला पाहिलं तरी होतं. ‘गरिबाच्या श्रद्धेला हसू नका’, हा शेवटचा. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात कर्ज काढून बोअर मारणाऱ्याला कोण हसेल? राग येतो तो पदव्यांच्या पाट्या लावलेल्या बंगल्यांच्या आवारात नारळ फिरवणाऱ्या इंजिनिअर-डॉक्टरांचा. रक्ताचा अहवाल दोन प्रयोगशाळांतून ताडून घेणारी ही माणसं जमिनीचा अहवाल किराणा दुकानातून आणतात आणि वर ‘अनुभव आहे’ म्हणतात. २००९ च्या महाराष्ट्राच्या भूजल कायद्यानं साठ मीटरपेक्षा खोल विहिरीवर बंधनं घातली, म्हणजे सुमारे दोनशे फूट. ती यांना ठाऊक नसतात, नारळाला तरी कशी असणार!

पाणाड्याला बंदी नको, नारळालाही नको. येत्या ग्रामसभेत एवढाच ठराव मांडा: गावात एक वही ठेवायची. प्रत्येक बोअरपुढं पॉइंट कुणी दाखवला, किती फुटांवर पाणी सांगितलं, किती फूट खोदलं आणि काय लागलं, हे लिहायचं. कोरड्या बोअरी आधी लिहा.