रिक्षा ओढणाऱ्याची मोटार

श्रीमती समग्र वेदिका,
मुक्काम सर्व्हर, तेलंगण सरकार, हैदराबाद

यांस बेगम बाजारातल्या एका मुनिमाचा साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

बाई, आपली समोरासमोर गाठ कधी पडलेली नाही. पडायची गरजही नाही म्हणा. माझी घरपट्टी, विजेचं बिल, आरटीओतली नोंद, सगळं तुमच्यापाशी आहेच. २०१६च्या सुमाराला तुम्ही सरकारी चाकरीत रुजू झालात. निरनिराळ्या खात्यांच्या वह्या एका जागी आणून त्यातून खरा गरीब कोण आणि सोंग घेतलेला कोण हे हुडकायचं, असं तुमचं काम. हिशेबाच्या धंद्यात जन्म गेलेल्या माणसाला याचं कौतुक वाटणारच. २०१४ ते २०१९ या काळात राज्यात १८ लाख ६० हजारांहून जास्त रेशनकार्डं रद्द झाली. ते सगळं पुण्य तुमच्या एकटीच्या पदरात टाकत नाही, पण तुमचा हातभार मोठा. एवढी झाडलोट आमच्या गल्लीत दिवाळीलासुद्धा होत नाही.

पुढं त्याच झाडलोटीत याच शहरातला एक रिक्षा ओढणारा सापडला. तोंडाचा कॅन्सर झालेला, बाहेर कोविड पेटलेला, आणि तुम्ही शोधून काढलंत की हा गृहस्थ मोटारीचा मालक आहे! त्याच्या नावाशी मिळत्याजुळत्या नावाचा दुसरा कोणी माणूस होता, मोटार त्याची. पण नाव जुळलं ना, मग झालं. तांदूळ बंद. बायको कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिली, आमच्याकडे मोटार नाही हो, म्हणून सांगत राहिली. समोरची माणसं तिच्याकडे बघत आणि विश्वास तुमच्यावर ठेवत. नवरा गेल्यावर तिनं लसूण सोलून घर चालवलं. मोटारवाल्याची बायको लसूण सोलते, यात काही चमत्कारिक आहे असं तुमच्या कुठल्याच रकान्याला वाटलं नाही.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो, राग मानू नका. आमचं दुकान सुकामेवा आणि मसाल्याचं, ठोक. खतावणीत एकाच नावाची पाच-पाच खाती असतात, कारण अर्धा बाजार त्याच चार आडनावांचा आणि गिऱ्हाइकंही त्यांच्याच गोतातली. म्हणून आम्ही नावापुढं खूण घालतो. ‘निजामाबादवाले’. ‘जहीराबाद, किराणा’. ‘थोरले, ऐकायला कमी येतं’. ‘काळा चष्मा, रोख मागावी’. काजूचे डबे धाकट्यांनी नेले आणि रक्कम थोरल्यांच्या नावे पडली, असं एकदा जरी झालं तरी शेठ तीच वही माझ्या डोक्यात घालतील. म्हणून शंका आली की मी फोन उचलतो, “शेठजी, परवाचा माल तुमचाच ना?” दोन मिनिटांचं काम. हो म्हणाले तर नावे टाकायचं, नाही म्हणाले तर पेन्सिलीनं लिहून ठेवायचं. शाई मागाहून. तुमच्यापाशी तीन कोटींवर माणसांचा तपशील आहे, फोन नंबरही असणार. पेन्सिल तेवढी कोणी दिली नाही.

अखेर शहरातल्या एका कार्यकर्त्यानं कार्डं रद्द होण्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयानं सांगितलं की रद्द केलेल्या साऱ्या, म्हणजे सुमारे १९ लाख कार्डांची प्रत्यक्ष जाऊन पडताळणी करा. थोडक्यात, शेठजींना फोन करा. तो करायला दिल्लीहून हुकूम यावा लागला. ४,९१,८९९ लोकांनी पुन्हा अर्ज केले. जुलै २०२२पर्यंत त्यातले २,०५,७३४ तपासून झाले आणि १५,४७१ जण पात्र निघाले. शंभरात साडेसात. माझ्या वहीत शंभर नोंदींमागं साडेसात चुका निघाल्या असत्या तर आज मी चारमिनारसमोर बांगड्या विकत बसलो असतो. आणि ही मोजदाद पुन्हा अर्ज करायची ताकद ज्यांच्यात उरली होती त्यांचीच, बरं का.

त्याच जुलै महिन्याच्या १६ तारखेला पंतप्रधानांनी बुंदेलखंड एक्सप्रेसवेच्या उद्घाटनात देशाला रेवडी संस्कृतीपासून, म्हणजे मतांसाठीच्या खैरातीपासून, सावध राहायला सांगितलं. आमच्याकडे रेवडी पोत्यानं येते, त्यामुळं बाजाराचे कान टवकारले. भाव वाढणार की काय, एवढीच आमची काळजी.

तुमचं डोकं आतून चालतं कसं, हे पत्रकारांनी माहिती अधिकारात विचारलं होतं. उत्तर आलं की आतल्या सॉफ्टवेअरवर ते बनवणाऱ्या खासगी कंपनीचा हक्क आहे, दाखवता येत नाही. म्हणजे गरिबाच्या घरातलं मडकं न् मडकं तुम्ही उपडं करून बघायचं आणि तुमच्या पेटाऱ्याला मात्र कुलूप.

असो. तक्रार करायला हे पत्र लिहीत नाही. तुमची बढती व्हावी अशी इच्छा आहे. तुमच्याच सरकारात, बहुधा तुमच्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर, दुसरी एक व्यवस्था कामाला आहे. टीएस-आयपास. २०१४ सालचा कायदा. कारखाना काढायला आलेल्या माणसाला त्यात काय मिळतं ते जरा वाचा, कारण तुम्हाला त्या मजल्यावर कोणी नेलं नसावं. मोठ्या प्रकल्पाला १५ दिवसांत परवानगी, बाकीच्यांना ३० दिवसांत. अधिकारी मुदतीत बोलला नाही तर परवानगी मिळाली असंच धरायचं. उशीर केला म्हणून दंड अधिकाऱ्याला. आणि कागदांची फार कटकट नको म्हणून उद्योजकानं स्वतःच लिहून द्यायचं की मी नियम पाळीन. सरकार म्हणतं, ठीक आहे, तुमच्या शब्दावर विश्वास.

बाई, विश्वास! मी तो परिच्छेद दोनदा वाचला. शेकडो कोटींचा माणूस येतो आणि त्याचा शब्द पुरतो. माणशी ६ किलो तांदूळ मागायला येणाऱ्याचा शब्द मात्र वीज खातं, आरटीओ आणि घरपट्टी यांच्या चाळणीतून गाळून घ्यायचा. त्या रिक्षावाल्यानं मीसेवा नावाच्या सरकारी सुविधा केंद्रात जाऊन कागदावर लिहून दिलं असतं, ‘माझ्याकडे मोटार नाही, हे माझं स्वयंप्रमाणपत्र’, आणि ३० दिवसांत कोणी हरकत घेतली नाही म्हणून तांदूळ चालू, उशीर केला म्हणून अधिकाऱ्याला दंड! हसू आलं ना? मलाही आलं. आमच्या दुकानात वाचून दाखवलं तर हमाल सगळ्यात जास्त हसला.

परवानगीनंतरचा पाहुणचार वेगळाच. राज्याच्या टी-आयडिया योजनेत मुद्रांक शुल्क पूर्ण परत. पाच वर्षं विजेच्या युनिटमागं १ रुपया परत. लहान उद्योगाला राज्याच्या वाट्याचा जीएसटी पाच वर्षं सगळा परत, मोठ्याला सात वर्षं निम्मा. गुंतवणूक २०० कोटींच्या वर गेली किंवा हजारावर नोकऱ्यांचा वायदा केला की तो ‘मेगा’, मग सवलती अंगाचं माप घेऊन शिवतात. खालच्या मजल्यावर मापाचा गज उलटा लावलेला: शहरात वर्षाची मिळकत दोन लाखांच्या आत हवी, चारचाकी नको. खाली मिळकत वाढली की नाव कटतं, वर गुंतवणूक वाढली की ताट वाढतं.

मी स्वतः काही धुतल्या तांदळाचा नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. ज्या जागेवर बसून लिहितोय ती जागाच मुळी सरकारी कृपेची. निजाम अली खानांची बेगम हमदा बेगम हिनं ही जमीन शहरातल्या व्यापाऱ्यांना उदीम करायला देऊन टाकली, म्हणून हा बेगम बाजार. म्हणजे वेलदोड्यापासून पितळी हंड्यापर्यंत इथं जे काही विकलं जातं ते सगळं फुकटातल्या जमिनीवर. आम्ही सगळे लाभार्थी, पिढ्यान् पिढ्यांचे. बेगमेनं आमच्या पूर्वजांच्या तबेल्यात घोडे किती ते विचारलं नव्हतं. तुम्ही तेव्हा असतात तर हा बाजार झालाच नसता. पक्क्या बिलाचा आणि कच्च्या चिठ्ठीचा विषय आत्ता काढू नका, शेठ शेजारीच बसलेत.

आणि कारखान्यांना मदत करूच नये, असं म्हणणाऱ्यांतलाही मी नव्हे. १९२९ साली निजाम सरकारनं एक कोटीचा इंडस्ट्रियल ट्रस्ट फंड काढला. बोधनचा साखर कारखाना, सिरपूरची कागद गिरणी अशांना त्याचा टेकू मिळाला. ती गिरणी २०१४ साली बंद पडली तेव्हा कागजनगरचा बाजारच बसला. चंद्रपूरच्या सीमेला लागून असलेला तो मुलूख, बाजारात मराठी सर्रास कानावर पडते. तिकडच्या किराणा दुकानदारांची उधारी मी वहीत पानामागून पान पुढं ओढत होतो. कामगाराचा पगार थांबला की हळद-मिरचीचा खप कसा खाली येतो, हे कळायला माझ्याइतकी चांगली जागा नाही. २०१८ साली राज्य सरकारनं सवलती देऊन नव्या मालकाच्या हातून गिरणी सुरू केली. उत्तम केलं. पण कागजनगरात गिरणीला जे दिलं ती गुंतवणूक, आणि तिथल्याच म्हातारीला दिलं ती खैरात, हे खातं कोणी लावलं? तीही ते पैसे घेऊन स्वित्झर्लंडला जात नाही, कोपऱ्यावरच्या दुकानात हळद-मिरचीच घेते.

दिल्लीचा हिशेबही बघून ठेवा, तिकडं बदली झाली तर उपयोगी पडेल. २० सप्टेंबर २०१९ रोजी अर्थमंत्र्यांनी गोव्यात पत्रकारांना बोलावून कंपन्यांवरचा कर ३० टक्क्यांवरून २२वर आणला, नव्या कारखान्यांना १५. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न सोडलं, असं त्यांनीच सांगितलं. सेन्सेक्स त्या दिवशी १,९०० अंशांवर उसळला. कोणी रांगेत उभं राहिलं नाही, कोणाचा अंगठा जुळला नाही म्हणून कोणी परत गेलं नाही. आता दुसरं पान. गरीब वृद्ध, विधवा, अपंग यांच्या निवृत्तिवेतनासाठी केंद्रानं २०२५-२६ या वर्षाला ९,६५२ कोटी ठेवले होते. भागून बघा, मी बोटांवर केलं. गोव्यातल्या त्या एका सकाळीत ही निवृत्तिवेतनं १५ वर्षं निघाली असती. त्यात साठीच्या म्हाताऱ्याला केंद्राकडून महिना २०० रुपये पडतात. २००७ सालीही २०० होते. २०१७ च्या डिसेंबरात ६० अर्थतज्ज्ञांनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहून निदान ५०० तरी करा म्हणून विनवलं. इकडं गुजरातेत साणंदला चिपचा कारखाना यायचा ठरला तेव्हा २७५ कोटी डॉलरच्या खर्चात अमेरिकन कंपनीचे स्वतःचे साडेब्याऐंशी कोटी, बाकीचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून. रुपयात सत्तर पैसे सरकारचे. आमच्या शेठना कोणी सत्तर पैसे घातले तर ते चंद्रावर बदाम पिकवतील.

राज्याची आसरा पेन्शन त्यातल्या त्यात बरी, २०१६ रुपये. तुमच्या रुजू होण्याच्या सालाचाच आकडा, योगायोग बघा. २०२३च्या निवडणुकीत तिचे ४,००० करण्याचं वचन मिळालं. २०२५ उजाडलं, म्हातारीच्या हाती अजून सालच पडत होतं.

तुमच्या भावंडांच्या बातम्याही येतात. हरियाणातल्या परिवार पहचान पत्रानं १०२ वर्षांच्या आजोबांना मृत ठरवलं, तर त्यांनी २०२२ साली रोहतकात वरात काढून आपण जिवंत असल्याचं दाखवलं. महाराष्ट्रातल्या लाडक्या बहिणीच्या घरी निवडणुकीपर्यंत चाळणी माळ्यावर होती. २०२५ मध्ये ती खाली आली आणि २६ लाखांवर बहिणींचे पैसे थांबले. बहिणींमध्ये १४ हजारांवर भाऊ निघाले, तेव्हा चाळणी अगदीच निरुपयोगी असते असं मी म्हणणार नाही.

म्हणूनच बढतीची शिफारस. तुम्ही एकदा वरच्या मजल्यावर या. ज्यांनी हजार नोकऱ्यांचा वायदा करून सवलती उचलल्या त्यांची नावं घ्या आणि भविष्य निर्वाह निधीच्या वहीशी जुळवा, किती कामगारांचा निधी खरोखर भरला जातोय ते दिसेल. बँकांनी ऐपत असून कर्ज बुडवणारे म्हणून ज्यांची यादी केली आहे, तिच्याशी प्रवर्तकांची नावं जुळवा. मिळालेल्या जमिनीवरचं विजेचं बिल बघा. शून्य युनिट असेल तर तिथं कारखाना नाही, गवत आहे. हे सगळं तुम्हाला येतं, गरिबांवर हात बसलेलाच आहे. फक्त तिथं एक पथ्य पाळा. नाव जुळलं म्हणून लगेच काही तोडू नका. कंपनीला नोटीस द्या, वकील आणू द्या, तिचं म्हणणं ऐका. मोठ्या माणसांच्या बाबतीत घाईनं चूक झालेली बरी दिसत नाही.

कामाचा जाच वाटला तर आमच्याकडे जागा आहे. पगार बेताचा, दुपारी चहा मिळेल. पहिले सहा महिने पेन्सिलीनंच लिहावं लागेल.

आपला,
बेगम बाजारातला एक मुनीम

ता. क. खाली सही केलेली नाही, क्षमस्व. माझ्या नावाची माणसं हैदराबादेत पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या एखाद्याकडे मोटार असणारच.