डॉक्टरसाहेब, गाठ आमच्याशी आहे

सन्माननीय डॉक्टरसाहेब,



माझ्या आत्याच्या मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत २.२ सेंटिमीटरची एक गाठ आहे. त्या गाठीला आपण जो जीव लावलाय, तेवढा आत्याला सख्ख्या भावांनीही लावला नाही. मुतखड्याच्या कळांसाठी सीटी काढला होता. खडा पडून गेला, पण गाठ आपल्या नजरेत भरली ती भरलीच. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी भामरागड तालुक्यातून चंद्रपूरची वारी. एसटीत आत्याच्या मांडीवर फिल्मचं ते मोठं पाकीट असतं, पावसाळ्यात खताच्या पिशवीत गुंडाळलेलं. पर्लकोटा नदीला पूर आला की आपलं दर्शन हुकतं, तेवढीच काय ती गाठीला विश्रांती.

"काहून जी, वाढली का?" असं आत्या विचारते. आपण फिल्म उजेडाला धरता, भुवया वर नेता आणि म्हणता, "जैसे थे. पण लक्ष ठेवावं लागेल."

आम्ही रिपोर्ट वाचायची आगळीक केली, क्षमस्व. त्यात गाठ एकसंध आणि घनता ४ हाउन्सफील्ड असं छापलंय. या मापात पाणी शून्यावर आणि चरबी त्याच्या बरीच खाली, म्हणजे ही चरबीने भरलेली साधी गाठ. अशा एकसंध गाठीची घनता १० किंवा त्याखाली आणि आकार ४ सेंटिमीटरहून लहान असेल तर पुन्हा सीटी नको, असं युरोपातल्या अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलं. २०२३ मध्ये तर त्यांनी आकाराची अटही काढून टाकली. त्याआधी २०१९ मध्ये ३२ अभ्यासांतल्या ४,१२१ रुग्णांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला होता. चार वर्षांहून थोड्या अधिक काळात या गाठींची सरासरी वाढ २ मिलिमीटर. कॅन्सर झालेल्या गाठी शून्य. आपल्यापर्यंत टपाल पोचलं नसावं. पत्ता भामरागडचा असता तर टपालाला दोष दिला असता, पण तो पडला चंद्रपूरचा.

(घनता २० च्या वर असती किंवा गाठ मोठी, वेडीवाकडी असती, तर आत्याला पाठुंगळी घेऊन आलो असतो. तिथे हयगय नको, हे आम्हालाही कळतं.)

आपल्या कागदावर "नॉन-फंक्शनिंग" असं ठसठशीत लिहिलंय. म्हणजे गाठ हार्मोन बनवत नाही. हे कशावरून ठरवलंत? फिल्मवरून? घराचा फोटो पाहून आत चूल पेटलीय की नाही हे सांगण्याची सिद्धी आपल्याला प्राप्त झालेली दिसते. आमच्यासारख्या सामान्यांसाठी मात्र रक्ताची तपासणी असते. रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी घ्यायची आणि सकाळी ८ ते ९ च्या दरम्यान रक्त देऊन कॉर्टिसॉल पाहायचं. ते १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत आलं तर त्या बाबतीत गाठ निरुपद्रवी. जास्त आलं तर बीपी, साखर, हाडं यांच्याकडे बघायचं. आत्या बीपीची गोळी रोज घेते, हे आपल्याच चिठ्ठीवर आहे. मग आल्डोस्टेरॉन आणि रेनिनही तपासायला हवं होतं. एवढ्या सीटींच्या गर्दीत रक्ताचा एक थेंब काढायला कुणाला सवड झाली नाही. पोटाच्या एका सीटीतून साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट किरणं अंगात जातात, म्हणजे निसर्गातून तीन-चार वर्षांत मिळतात तेवढी. त्याला मात्र दर सहा महिन्यांनी सवड.

पुढची तारीख आपण मे महिन्यातली दिली आहे. मे म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम, वर्षाची रोकड हाती येण्याचे मोजके दिवस. आत्या येणार नाही. त्याऐवजी त्या गोळीची आणि रक्ततपासणीची चिठ्ठी तेवढी लिहून द्या. आत्या आठालाच घोरायला लागते, पण एका रात्री अकरापर्यंत तिला जागं ठेवायची जबाबदारी माझी.

आपला,
गाठीचा नव्हे, आत्याचा भाचा