चित्त्याभोवतीची जत्रा

मसाई माराच्या माळावर चित्ता दिसला, की वायरलेस खरखरतो आणि चहूबाजूंनी गाड्या धुरळा उडवत येतात. सिंह-तरसांची कटकट टाळायला बिचारा दिवसा शिकार करतो. पर्यटकांचा हिशेब निसर्गाने धरलाच नव्हता. उघड्या छपरांतून मुंडकी वर, प्रत्येकापुढे हातभर लेन्स. आमच्या मंडळींत चिवड्याची पिशवी फिरते. 'पळत कसा नाही हो हा?' अशी तक्रारही होते, जणू धावणं तिकिटात धरलेलं होतं. एका प्राण्याजवळ एका वेळी पाचच गाड्या, असा नियम आहे. सहावीपासून पुढची मोजणी बहुधा चित्त्यानेच करायची. शेजारच्या सेरेंगेटीतून मसाई गुराख्यांना १९५९ साली बाहेर काढलं, वन्यजीव राखायला म्हणून. गाड्यांना मात्र फाटक उघडं आहे.